एकरंगी कापडाचे टेबलमॅट कागदावर शिवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरगुती शिलाई मशीन आहे, ब्लाऊज आणि उशांचे अभ्रे शिवण्याइतका सराव आहे, आणि आता जेवणाच्या टेबलासाठी सहा मॅट एकरंगी सुती कापडातून, कागदावर शिवण्याच्या पद्धतीने करायचे आहेत. एक नमुना शिवून पाहिला, तेव्हा त्रिकोणांची टोके शिवणीत गेली, कागद काढताना टाके सैल पडले आणि फिकट कापडाच्या खालून गडद कापडाची कड दिसू लागली. कापड कोणते घ्यावे, रंग कसे निवडावेत आणि चूक कुठे होत असावी?

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ मशीनवर बसण्याआधी घेतलेल्या निर्णयांमध्ये आहे, हातातल्या कौशल्यात नाही, म्हणून मी उत्तरही त्याच क्रमाने देते. छापील कापडावर नजर फुलापानांबरोबर फिरत राहते आणि एखादी शिवण दोरा-दोन दोरे सरकली तरी ती कुणाच्या लक्षात येत नाही. एकरंगी कापडावर पाहण्यासारख्या दोनच गोष्टी असतात, रंग आणि शिवण. त्यामुळे अचूकतेचा सगळा भार कागदावर टाकावा आणि आपण रंगांचा क्रम, कापडाचा दाटपणा आणि सोडलेली माया, म्हणजे शिवणीच्या पलीकडे राखलेले जास्तीचे कापड, या तीन बाबींकडे लक्ष द्यावे. शिवाय हा मॅट भिंतीवर लावायचा नसून त्यावर ताट येणार आहे, हळदीचा थेंब पडणार आहे आणि तो वारंवार धुतला जाणार आहे, हे प्रत्येक टप्प्यावर ध्यानात ठेवावे लागते.

आधी पद्धतीविषयीचा एक गोंधळ दूर करते, कारण कागदाच्या मदतीने शिवण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत. एकीत कागदाचे छोटे षटकोन कापून त्यांच्यावर कापड मुडपतात आणि कडा हाताने एकमेकींना जोडतात. ती इंग्लंडमध्ये रुळलेली जुनी हातशिलाई आहे. दुसरीत संपूर्ण नमुना एका कागदावर छापलेला असतो, कापडाचे तुकडे क्रमाने कागदाच्या मागच्या बाजूला ठेवले जातात आणि छापलेल्या रेषेवरून मशीनची शिवण घातली जाते. तुम्ही करता आहात ती ही दुसरी पद्धत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात 'लॉग कॅबिन' नावाच्या नमुन्याच्या पट्ट्या अशाच एका साध्या कापडाच्या पायावर शिवल्या जात. पुढे कापडाच्या जागी कागद आला आणि शिवून झाल्यावर तो फाडून काढता येऊ लागला. या पद्धतीचा मोठा गुण असा की तुकडे नेमक्या मापाचे कापावे लागत नाहीत, कारण माप कागदावर असते. तिचा मोठा नियम असा की छापील बाजूला दिसणारे चित्र तयार कापडावर उलटे येते. अक्षर किंवा एका बाजूला पाहणारा पक्षी असेल तर हे विसरून चालत नाही. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला नमुना घेतला की हा प्रश्नच उरत नाही. म्हणून पहिल्या सहा मॅटसाठी मी 'फ्लाइंग गीज' हा नमुना सुचवते. त्यात एकामागून एक उडणाऱ्या हंसांसारखे त्रिकोण असतात. मोठ्या त्रिकोणाला हंस आणि त्याच्या दोन बाजूंच्या लहान त्रिकोणांना आकाश म्हणण्याचा प्रघात आहे, आणि पुढे मी हेच शब्द वापरणार आहे.

मॅटचे प्रचलित माप १२ × १८ इंच आहे आणि आपल्या टेबलावरही ते चालते, फक्त मांडणी आपल्या जेवणाप्रमाणे करावी लागते. आपले स्टीलचे ताट ११-१२ इंचांचे असते, म्हणजे ते मॅटची जवळजवळ पूर्ण उंची व्यापते. चौकटीसारखा किंवा मधोमध असलेला नमुना शिवला तर ज्यासाठी इतके कष्ट घेतले ते सगळे ताटाखाली जाते. म्हणून उजवीकडे १२ इंचांचा चौरस संपूर्ण साधा ठेवावा, त्याच्या डावीकडे ३ इंच रुंदीची हंसांची उभी पट्टी घ्यावी आणि अगदी डावीकडे पुन्हा ३ इंच साधी जागा सोडावी. उजव्या हाताने जेवणाऱ्यांचा पेला बहुधा डावीकडे असतो. तो त्या शेवटच्या पट्टीवर राहतो आणि हंस मोकळे दिसतात. प्रत्येक हंसाचा पाया ३ इंच आणि उंची दीड इंच घेतली की १२ इंचांत आठ हंस नेमके बसतात.

कापडाच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या शिवणाऱ्यांना एक सोय आहे, तिचा पुरेपूर उपयोग करावा. गावोगावच्या मॅचिंग सेंटरमध्ये साडीला जुळणाऱ्या ब्लाऊजसाठी प्लेन सुती कापडाच्या शेकडो छटा ताग्यांनी रचलेल्या असतात आणि पाव मीटर कापडही बहुतेक ठिकाणी विनातक्रार फाडून मिळते. मात्र तिथे पहिल्यांदा पुढे केली जाते ती रुबिया, आणि ती या कामाला मला पसंत नाही. 'टू बाय टू' रुबियाचा उभा आणि आडवा दोन्ही धागे दुपदरी असतात, त्यामुळे कापड टिकाऊ आणि मऊ असते, पण ब्लाऊजसाठी ते मुद्दाम पातळ ठेवलेले असते आणि ब्लाऊजला आतून अस्तर लागते. तुमच्या नमुन्यात फिकट कापडाखालून गडद कड दिसली ती बहुधा यामुळेच. त्याऐवजी दाट विणीचे सुती पॉपलीन किंवा केंब्रिक मागावे. दुकानात एक साधी परीक्षा करता येते: फिकट कापडाचा एक पदर हाताच्या बोटांवर ताणून धरावा, बोटांच्या सीमा स्पष्ट दिसत असतील तर शिवणीतली मायाही दिसणार. कापडात पॉलिस्टर मिसळलेले आहे अशी शंका असेल तर दोन-चार धागे काढून घरी जाळून पाहावेत. सुती धागा जळालेल्या कागदासारखा वास देतो आणि त्याची बोटांनी चुरडणारी राख होते, पॉलिस्टरचा मात्र कडक मणी बनतो. मिश्र कापड इस्त्रीची घडी नीट धरत नाही आणि या कामात सगळा नेटकेपणा घडीवर अवलंबून असतो.

रंग ट्यूबलाइटखाली निश्चित करू नये; तागा दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात न्यावा. पार्श्वभूमीचे सगळे कापड एकाच ताग्यातून एकाच वेळी घ्यावे, कारण त्याच क्रमांकाची छटा पुढच्या खेपेला थोडी वेगळी निघू शकते आणि एकरंगी कापडात तो फरक शेजारी ठेवताच कळतो. सहा मॅटसाठी पार्श्वभूमीचे दीड मीटर कापड पुरते, मग पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच असो वा ४४ इंच. प्रत्येक हंसाला वेगळा रंग घ्यायचा झाल्यास त्या आठ रंगांचे पाव-पाव मीटर घेतले तरी बरेच उरते. अस्तराला दीड मीटर आणि गोटाला, म्हणजे कडेने लावायच्या पट्टीला, पाऊण मीटर धरावे.

आता रंगांच्या क्रमाविषयी. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि नेमका तोच घाईत घेतला जातो. बहुतेक जण पांढऱ्या किंवा मोतिया पार्श्वभूमीवर रंगीबेरंगी हंस अशी कल्पना करतात, कारण चित्रांमध्ये तसे पाहिलेले असते. मी याच्या उलट सुचवते: पार्श्वभूमी गडद, म्हणजे आमसुली, गडद निळी किंवा शेवाळी, आणि हंस फिकट व उजळ. याला दोन स्वतंत्र कारणे आहेत, एक जेवणाचे आणि एक शिवणीचे.

जेवणाचे कारण हळद. हळदीतले कुरकुमिन सुती धाग्यात चटकन उतरते, साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात तो डाग लालसर होतो आणि घासून जात नाही. उन्हात वाळवल्यावर मात्र तो हळूहळू उडतो. मोतिया मॅट पहिल्याच वरण-भाताला पिवळा होईल आणि तो घालवण्यासाठी दर वेळी उन्हात टाकावा लागेल, म्हणजे इतर रंगही फिके पडतील. गडद कापडावर हा प्रश्न मिटतो. हंसांसाठी लिंबू, हळदी, आंब्यासारखा पिवळा, केशरी, अबोली, विटकरीकडे झुकणारा नारिंगी अशा पिवळ्या-लाल कुळातले रंग घेतले तर तिथेही डाग नजरेत भरत नाही. आमसुली जमिनीवर लिंबूपासून केशरीपर्यंत चढत गेलेले आठ हंस मला अतिशय देखणे वाटतात. कोणता रंग किती गडद आहे हे डोळ्यांना फसवते, विशेषतः लाल आणि हिरव्याच्या बाबतीत. म्हणून सगळे तुकडे जवळ ठेवून मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात पार्श्वभूमीशी एकरूप होणारा रंग वगळावा.

शिवणीचे कारण समजण्यासाठी या पद्धतीची एक मर्यादा माहीत हवी. नेहमीच्या शिवणकामात माया आपण हव्या त्या बाजूला इस्त्रीने वळवतो. कागदावर शिवताना तो पर्याय नसतो. प्रत्येक शिवणीची माया नव्याने जोडलेल्या तुकड्याच्या खालीच जाते. हंसांच्या पट्टीत आधी हंस ठेवला जातो आणि नंतर त्याच्या दोन उतारांवर आकाश जोडले जाते, म्हणजे उतारांवरची माया आकाशाखाली जाते. हंस गडद आणि आकाश फिकट असेल तर प्रत्येक हंसाच्या दोन्ही उतारांना सावलीसारखी कड दिसते. आकाश गडद घेतले की या दोन शिवणी सुटतात. उरते ती एकच, जिथे पुढचा हंस मागच्या हंसाच्या टोकावर आणि आकाशावर पायाने बसतो; तिथे माया फिकट हंसाखाली जाते. तिथे गडद कापडाची माया फिकट कापडाच्या मायेपेक्षा किंचित अरुंद छाटावी, म्हणजे फिकट ६ मिलिमीटर असेल तर गडद ४ मिलिमीटर. थरांचा क्रम असा असतो की सर्वांत वर हंसाचे कापड, त्याखाली त्याचीच फिकट माया आणि तिच्याखाली गडद माया. मधला फिकट पदर रुंद राहिला की खालचा गडद पदर डोकावू शकत नाही. मात्र ही छाटणी शिवण घालून झाल्यावर आणि तुकडा उलटवण्याआधी करायची असते.

सगळे कापड कापण्याआधी धुवावे. नव्या कापडाची खळ जाते, आटायचे ते आटते आणि सुटा रंग निघून जातो. गडद लाल, मरून आणि निळ्या रंगांच्या बाबतीत ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुकडा ठेवून गरम इस्त्री फिरवावी. फडक्यावर रंग उतरला तर कोमट पाण्यात पुन्हा धुवावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो हा समज मी अनेकींकडून ऐकते, पण आज बाजारात मिळणाऱ्या तयार रंगीत सुती कापडाचा सुटा रंग मिठाने धाग्यात बसत नाही, तो धुऊनच काढावा लागतो. धुतल्यावर कापड लिबलिबीत होते. त्याला हलका स्टार्च देऊन इस्त्री करावी. उभ्या धाग्याची दिशाही या वेळीच खडूने खूण करून ठेवावी, कारण एकरंगी कापडावर ती डोळ्यांना दिसत नाही आणि डावी पट्टी व उजवा चौरस वेगवेगळ्या दिशेने कापले गेले तर एकाच कापडाच्या दोन छटा भासतात. उभा-आडवा धागा दोन रंगांचा असलेल्या धूपछाँव कापडात तर हा फरक फारच ठळक असतो.

एका मॅटसाठी पार्श्वभूमीतून साडेबारा इंचांचा एक चौरस, साडेतीन × साडेबारा इंचांची एक पट्टी आणि ३ इंचांचे आठ चौरस कापावेत. हे आठ चौरस कर्णावर कापले की आकाशाचे सोळा त्रिकोण मिळतात, आणि त्यांची उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, बाजू शिवणीत जाऊन सरळ धाग्याच्या बाजू पट्टीच्या बाहेरच्या कडेला येतात. पट्टी ताणली जाऊन वेडीवाकडी होऊ नये यासाठी हे आवश्यक आहे. हंसांसाठी अडीच × सव्वाचार इंचांचे आठ आयत घ्यावेत. ही मापे गरजेपेक्षा सढळ आहेत आणि ती तशीच ठेवावीत. कापड वाचवण्याच्या विचाराने तुकडे काटेकोर कापले की उलटवल्यावर एखादा कोपरा हमखास उघडा राहतो.

नमुना संगणकावर किंवा फूटपट्टीने कागदावर काढता येतो. छापताना माप शंभर टक्केच ठेवावे आणि कागदाच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन काढून तो फूटपट्टीने तपासावा. ए-४ कागद पावणेबारा इंचांहूनही थोडा कमी लांब असतो, त्यामुळे साडेबारा इंचांची पट्टी त्यावर अखंड मावत नाही. चार-चार हंसांचे दोन भाग करावेत. मायेसह प्रत्येक भाग साडेतीन × साडेसहा इंचांचा होतो आणि दोन्ही भाग एकाच कागदावर शेजारी बसतात. म्हणजे एक मॅट, एक कागद. छपाईचा नेहमीचा जाड कागद फाडताना टाके ओढतो. पातळ, फार तर ६० जीएसएमचा (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाचा) कागद शोधावा. रेषा बारीक आणि फिकट राखाडी ठेवाव्यात. शाईच्या प्रिंटरची शाई ओलाव्याने आणि लेझर प्रिंटरचा टोनर इस्त्रीच्या उष्णतेने कापडावर उतरू शकतो, आणि लिंबू रंगावर उतरलेली काळी रेष निघत नाही. म्हणून इस्त्री नेहमी कापडाच्या बाजूने आणि वाफेशिवाय करावी. वाफेने कागद आक्रसतो आणि मापही बिघडते.

मशीनला १४ नंबरची सुई लावावी. तिची भोके मोठी पडतात आणि कागद त्या ओळीवर सहज सुटतो. टाका दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंचाला साधारण पंधरा ते अठरा टाके ठेवावा. तुमच्या नमुन्यात टाके सैल पडले याचे कारण बहुधा टाका नेहमीच्या लांबीचा ठेवला हे असावे: भोके दूर पडली, कागद फाटायला जोर लागला आणि तो जोर दोऱ्यावर आला.

आता एक हंस सावकाश शिवून पाहू. छापील बाजू तुमच्याकडे, कापड कागदाच्या मागे. हंसाचा आयत, उलटी बाजू कागदाला लावून, नमुन्यावरच्या एक क्रमांकाच्या, म्हणजे हंसाच्या, जागेवर ठेवावा आणि कागद उजेडासमोर धरावा. त्रिकोणाच्या तिन्ही रेषांच्या पलीकडे कापडाची गडद छाया पाव इंच तरी दिसली पाहिजे. तसा तो टाचणीने किंवा डिंकाच्या कांडीच्या एका ठिपक्याने स्थिर करावा. मग एक आणि दोन क्रमांकांमधल्या रेषेवर जाड पुठ्ठ्याची सरळ कड टेकवून कागद तिच्यावर मागे मुडपावा. कापडाचा जास्तीचा भाग आता कागदाबाहेर मोकळा राहतो; घडीपासून पाव इंच अंतर ठेवून तो छाटावा. याच छाटलेल्या कडेमुळे पुढचे काम अंदाजाचे राहत नाही, कारण आकाशाच्या त्रिकोणाची लांब कड नेमकी तिच्यावर, सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून, जुळवायची असते. त्रिकोणाचे दोन्ही निमुळते कोपरे हंसाच्या दोन्ही टोकांबाहेर सारखेच डोकावतात याची खात्री करावी. कागद पुन्हा सरळ करून, छापील रेषेवरून, रेषेच्या पाव इंच आधी सुरू करून पाव इंच पुढे जाईपर्यंत शिवण घालावी. माया छाटावी, आकाश उलटवावे, नखाने शिवण दाबून घ्यावी आणि मग कोरडी इस्त्री टेकवावी. घासू नये, उरेब कड लगेच ताणली जाते. दुसऱ्या बाजूचे आकाश याच रीतीने. त्यानंतर पुढच्या हंसाच्या पायाची रेष मुडपली की मागच्या हंसाचे टोक नेमके त्या घडीवर आलेले दिसते आणि तिथून पाव इंच माया आपोआप राहते. टोक शिवणीत जाण्याची तुमची तक्रार इथे सुटते, फक्त शिवण रेषेवरच असली पाहिजे; रेषेच्या आत एक दोरा गेली तरी एकरंगी कापडावर हंसाचे टोक बोथट दिसते.

तुकडा लावण्याआधी खात्री नसेल तर शिवणीच्या रेषेवर दोन टाचण्या लावून तो उलटवून उजेडासमोर पाहावा. इतके बारीक टाके उसवणे त्रासदायक असते आणि उसवताना कागद फाटतो, म्हणून हा अर्धा मिनिट वाया जात नाही.

चारही हंस झाल्यावर बाहेरच्या रेषेवर, म्हणजे मायेसह, भाग छाटावा. दोन्ही भाग जोडताना खालच्या भागाच्या शेवटच्या टोकातून टाचणी सरळ उभी आरपार घालून ती वरच्या भागाच्या पायाच्या रेषेवर मध्यभागी बाहेर काढावी, दोन्ही बाजूंना आणखी टाचण्या लावाव्यात, आधी लांब टाक्याने कच्चे जोडून उघडून पाहावे आणि जुळले असेल तरच बारीक टाका घालावा. कागद अजून काढायचा नाही. डावी पट्टी आणि उजवा चौरस जोडून होईपर्यंत तो तिथेच राहू द्यावा, म्हणजे लांब शिवणीतही पट्टी ताणली जात नाही. त्यानंतर प्रत्येक रेषेवर कागद पुढे-मागे दुमडून, शिवणीवर अंगठा दाबून धरून, टाक्यांच्या दिशेने फाडावा. कोपऱ्यांत अडकलेले कण चिमट्याने निघतात. ओल्या ब्रशने कागद भिजवून काढण्याचा सल्ला काही जणी देतात. शाईच्या प्रिंटरवर छापले असेल तर फिकट हंसांपाशी तो पाळू नये.

वरचे कापड आणि अस्तर यांच्या मधल्या थराला जाड पॉलिस्टर वाडिंग (कापसासारखा भराव) घेऊ नये. पेला डळमळतो, आणि गरम पातेले टेकले तर हे वाडिंग कापडाखाली वितळू शकते. सुती फ्लॅनेलचा एक पदर किंवा जुन्या धुऊन मऊ झालेल्या सुती चादरीचे दोन पदर उत्तम. गोधडीत जुनी लुगडी घालणाऱ्या आपल्याकडच्या बायकांनी हेच साहित्य वापरले आहे. तरीही हा मॅट ताटासाठी आहे, चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासाठी नाही.

तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी टाचून मग वरून टाके घालायचे. कागदावर शिवून सुई बोथट झालेली असते, ती आधी बदलावी आणि टाका अडीच ते तीन मिलिमीटर करावा. साध्या रंगाच्या मोकळ्या जागेवर हे टाके सर्वांत जास्त दिसतात. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यातल्या आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या स्त्रियांच्या जुन्या गोधड्या एकरंगी लोकरी कापडाच्या आहेत, आणि त्यांतले सर्वांत बारीक, सर्वांत मन लावून घातलेले टाके या मोकळ्या जागांवरच आहेत. तुमच्या चौरसावर हंसांच्या उतारांना समांतर, एकेक इंचावर रेषा घ्याव्यात, दोरा पार्श्वभूमीच्याच रंगाचा असावा आणि प्रत्येक रेष एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यावी. मध्येच सुरू किंवा बंद केलेल्या रेषेची गाठ एकरंगी कापडावर लपत नाही, कडेला संपवली की ती गोटाखाली जाते. वेळ असेल तर हाच भाग हाताच्या धावदोऱ्याने, हंसांपैकी एका रंगाच्या दोऱ्यात भरावा. मला स्वतःला तोच जास्त आवडतो.

गोटासाठी सव्वादोन इंच रुंदीच्या सरळ धाग्याच्या पट्ट्या, प्रत्येक मॅटला दोन, तिरक्या जोडून, लांबीत दुमडून लावाव्यात. उरेब पट्टीची इथे गरज नाही, कारण कडा सरळ आहेत. वरच्या हंसाचे टोक गोटाच्या शिवणीला टेकलेले असते, म्हणून तिथे शिवण पाव इंचापेक्षा किंचित कमी घ्यावी. मॅट वारंवार धुतला जाणार असल्याने गोटाची दुसरी बाजूही मशीननेच पक्की करावी. हाताची तुरपाई सुंदर दिसते, पण इथे ती आधी सुटते.

सहाही मॅटचे तुकडे एकदम कापायला बसू नये. एक मॅट गोटासह पूर्ण करावा, थंड पाण्यात धुऊन अस्तराची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावा, आणि मग त्यावर तुमचे नेहमीचे ताट आणि पेला मांडून पाहावे. चौरस ताटाला कमी पडत असेल, एखादा हंस जमिनीत मिसळत असेल किंवा धुतल्यावर लांबी अर्ध्या इंचाहून अधिक घटली असेल, तर उरलेल्या पाच मॅटच्या मापात आणि रंगांत बदल करायला कापड अजून ताग्यासारखे अखंड हातात असते.